कोमोडो बेटावरची माणसं: 2019च्या स्थलांतर-प्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

जानेवारी 2019 मध्ये इंडोनेशियातल्या पूर्व नुसा तेंगारा प्रांताचे गव्हर्नर व्हिक्टर लाइस्कोडाट यांनी कोमोडो राष्ट्रीय उद्यान वर्षभर बंद ठेवण्याचा विचार बोलून दाखवला. हरणांची चोरटी शिकार वाढली आहे, त्यामुळे कोमोडो ड्रॅगन या महाकाय सरड्यांची उपासमार होते आहे, त्यांना पुन्हा पुरतं रानटी होऊ द्यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या काही महिन्यांत प्रस्ताव संपूर्ण उद्यानावरून एकट्या कोमोडो बेटापुरता आला, पण त्याची धार वाढली. जानेवारी 2020 पासून बेट पर्यटकांसाठी बंद होणार होतं आणि बेटावरच्या एकमेव गावातली सुमारे 2,000 माणसं दुसरीकडे हलवली जाणार होती.

सरडा वाचवायचा तर माणसं हलवायला हवीत, हे जगभरच्या वाचकांना त्या वेळी स्वाभाविक वाटलं. बातम्यांचे मथळेही ‘ड्रॅगनसाठी बेट बंद’ असेच होते. गावाचा उल्लेख आला तर शेवटच्या परिच्छेदात. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या शेवटच्या परिच्छेदात आहे.

बेट

कोमोडो हे सुंबावा आणि फ्लोरेस या दोन मोठ्या बेटांच्या मधलं बेट. पश्चिमेला सापेची सामुद्रधुनी, पूर्वेला पादार आणि रिंचा ही दोन बेटं, आणि त्यांच्यापलीकडे फ्लोरेसच्या पश्चिम टोकाला लाबुआन बाजो हे बंदर. उत्तरेचा फ्लोरेस समुद्र आणि दक्षिणेचा हिंदी महासागर यांचं पाणी या अरुंद फटींमधून ये-जा करतं, त्यामुळे इथले प्रवाह अतिशय जोरदार असतात. याच प्रवाहांबरोबर खालचं थंड, अन्नाने भरलेलं पाणी वर येतं. प्रवाळ, मांटा रे आणि माशांचे थवे यांच्यासाठी हा समुद्र ओळखला जातो तो यामुळेच.

पाण्यात ही श्रीमंती असली तरी जमीन कोरडी आहे. इंडोनेशिया म्हटलं की डोळ्यांसमोर घनदाट, ओलं जंगल येतं. कोमोडो त्यात बसत नाही. पाऊस प्रामुख्याने डिसेंबर ते मार्च पडतो आणि तोही बेताचाच. उरलेलं वर्ष डोंगरउतार वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले असतात. गवतात मधूनमधून ताडाची झाडं उभी असतात, ओढ्याकाठी चिंचा, आणि उंचावर थोडं दाट रान. मराठवाड्यातला किंवा खानदेशातला माणूस तिथे उतरला तर त्याला झाडं ओळखीची वाटतील. सर्वांत उंच शिखर 700 मीटरच्या थोडं वर जातं. बेटाचं क्षेत्रफळ साधारण 390 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम पाच माणसं. महाराष्ट्रातला सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा गडचिरोली, आणि तिथेसुद्धा 2011च्या जनगणनेत हा आकडा 74 होता.

प्राणी-भूगोलाच्या दृष्टीने बेटाचं स्थान महत्त्वाचं आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने बाली आणि लोंबोक यांच्यामधून आशियाई प्राण्यांची हद्द आखली. कोमोडो त्या रेषेच्या पूर्वेला येतं. म्हणून इथे आशियातून आलेली हरणं आणि रानडुकरं आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा आणि मातीचे ढिगारे रचून त्यात अंडी उबवणारे मेगापोड पक्षीही आहेत. कोमोडो ड्रॅगनची मादी अनेकदा याच पक्ष्यांच्या ढिगाऱ्यात आपली अंडी घालते. सापडलेले जीवाश्म पाहता हा सरडासुद्धा मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. आपली घोरपड आणि तो एकाच वंशातले. फरक आकाराचा: मोठा नर तीन मीटरपर्यंत लांब होतो आणि त्याचं वजन 70 किलोच्या वर जाऊ शकतं.

गाव

बेटाच्या पूर्व अंगाला स्लावी उपसागर आहे. त्याच्या काठावर कांपुंग कोमोडो हे गाव वसलं आहे. पर्यटक उतरतात तो लोह लिआंगचा धक्का याच उपसागरात, गावापासून बोटीने थोड्या अंतरावर. बहुतेक पर्यटक लोह लिआंगला उतरतात, रेंजरबरोबर तास-दोन तास फिरतात, फोटो काढतात आणि गावात पाऊल न ठेवता परत जातात.

गावातले जुने रहिवासी स्वतःला ‘आता मोडो’ म्हणवतात, म्हणजे मोडोची माणसं. त्यांची भाषा आसपासच्या मांगराई आणि बीमा या भाषांहून वेगळी आहे. यिलिस व्हेरहायेन या डच मिशनरी-भाषातज्ज्ञाने तिचा आणि गावाच्या चालीरीतींचा अभ्यास केला, म्हणून तिच्याविषयी आज काही लिखित साधन उपलब्ध आहे. पण गाव एकाच रक्ताचं नाही, हेही इथेच सांगायला हवं. कोमोडो अनेक वर्षं सुंबावातल्या बीमा सल्तनतीच्या अमलाखाली होतं. तिथून माणसं आली, फ्लोरेसमधून मांगराई आले, सुलावेसीकडून बुगिस आणि समुद्रावर जगणारे बाजो आले. लग्नं होत गेली. आज गावात मशीद आहे, शाळा आहे, खांबांवर उभी लाकडी घरं आहेत, आणि एकाच घरात तीन-चार मुळांची माणसं सापडतात. पुढे वादात ‘हे मूळचे नाहीतच’ हा मुद्दा उभा राहिला, तो या मिश्रणाचा फायदा घेऊन. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाला ही कसोटी लावली तर रत्नागिरीपासून कारवारपर्यंतचं एकही गाव तिच्यात टिकणार नाही.

ड्रॅगनला हे लोक ओरा म्हणतात. त्यांच्या नात्याची कथा गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुत्री नागा या स्त्रीला जुळं झालं: एक मुलगा, गेरोंग, आणि एक ओरा. दोघं वेगवेगळी वाढली. मोठा झाल्यावर गेरोंग शिकारीला गेला आणि त्याने पाडलेल्या हरणावर एक ओरा धावून आली. तो तिला मारणार इतक्यात आई प्रकटली आणि म्हणाली, ही तुझी बहीण आहे, तिला मारू नकोस. या कथेला आधुनिक संवर्धनाच्या भाषेत ‘श्रद्धा’ म्हणून कोपऱ्यात ठेवलं जातं. मला ती गावाने स्वतःला घालून दिलेला नियम वाटते, आणि त्याचा व्यवहारात परिणाम दिसतो. जुन्या काळी गावकरी हरणाची शिकार करत तेव्हा आतडी आणि इतर भाग ओरांसाठी मागे ठेवत. घराखालून ओरा गेली तरी तिला नुसतं हाकलत, मारत नसत.

हे नातं भाबडं नव्हतं. ओरा मेलेलं माणूसही उकरून खाते, म्हणून गावाने आपली दफनभूमी वाळूच्या जागेवरून चिकणमातीत हलवली आणि थडग्यांवर दगडांच्या राशी रचल्या. 2007 मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा ओराच्या हल्ल्यात मेला. 2009 मध्ये सीताफळं तोडताना झाडावरून पडलेल्या एका माणसाचाही असाच बळी गेला. या दोन्ही घटनांनंतर गावाने ओरांवर सूड उगवला नाही. वाघाच्या किंवा बिबट्याच्या हल्ल्यानंतर आपल्या गावांत काय वातावरण असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या संयमाची किंमत कळेल.

उद्यान आल्यानंतर

बाहेरच्या जगाला हा सरडा 1910च्या सुमारास कळला. डच अधिकारी व्हान स्टेन व्हान हेन्सब्रुक याने एक नमुना मिळवला आणि बुइटेनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोरच्या प्राणिशास्त्र-संग्रहालयाचे प्रमुख पीटर औवेन्स यांनी 1912 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. बातमी पसरताच पकडणाऱ्यांची रीघ लागेल हे ओळखून 1915 मध्ये बीमाच्या सल्तनतीने संरक्षणाचा हुकूम काढला. राष्ट्रीय उद्यान 1980 मध्ये झालं आणि 1991 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

उद्यानामुळे ओरांना फायदा झाला, यात मला शंका नाही. शेजारच्या पादार बेटावरचे ओरा 1970च्या दशकात नाहीसे झाले, कारण हरणं शिकाऱ्यांनी संपवली. कोमोडो आणि रिंचावर तसं झालं नाही, ते गस्तीमुळे. पण हे शिकारी प्रामुख्याने बोटींतून सुंबावाच्या बाजूने येत. सुरुंगाने मासे मारणाऱ्या टोळ्याही बहुतांशी बाहेरच्या होत्या. नियम मात्र सर्वांत कडक लागू झाले ते बेटावर राहणाऱ्यांना, कारण ते समोर होते.

गावाचं जुनं अर्थशास्त्र थोडक्यात असं होतं: पावसाळ्यात थोडी शेती, रानातले कंद, ताडाच्या जातीच्या झाडांच्या खोडातलं पीठ, चिंचा, हरणं आणि समुद्र. उद्यान झाल्यावर शेती थांबली, शिकार बंद झाली, रानातून गोळा करण्यावर बंधनं आली. समुद्राचीही क्षेत्रं आखली गेली, त्यातली काही मासेमारीला पूर्ण बंद. उरली ती रात्री दिवे लावून जाळ्यांनी पकडायची माकुळ आणि बारीक मासळी. तांदूळ लाबुआन बाजोहून आणायचा. गावासाठी उद्यानाच्या नकाशात एक चिमुकला वस्तीचा तुकडा ठेवला, त्याच्या बाहेर घर बांधता येत नाही. लोकसंख्या वाढली, जागा तेवढीच राहिली. आज घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की ‘विरळ वस्तीचं बेट’ हे वर्णन गावात उभं राहून कुणाला पटणार नाही.

मग पर्यटन आलं. सुरुवातीला बानू न्गुलुंग या कोरड्या ओढ्याच्या पात्रात पर्यटकांसमोर ओरांना बकरे टाकले जात. ही प्रथा 1990च्या दशकात थांबवली गेली, आणि ते योग्यच झालं. पण बकरे विकणाऱ्या गावकऱ्यांचं उत्पन्नही त्याबरोबर गेलं. हळूहळू लोकांनी लाकडाचे ओरा कोरायला घेतले, मोती विकायला घेतले, बोटी चालवायला घेतल्या, काही जण रेंजर आणि वाटाडे झाले. 2008 मध्ये उद्यानाला वर्षाला सुमारे 44,000 पर्यटक येत, 2018 मध्ये 1,76,000हून जास्त आले. म्हणजे ज्या गावाला आधी रान सोडायला लावलं, त्याला पर्यटनावर उभं राहायला सांगितलं, आणि ते उभं राहिल्यावर 2019 मध्ये पर्यटन बंद करून गावच हलवायचं ठरलं. हा क्रम लक्षात घेतला की गावकऱ्यांचा राग समजतो.

2019: कारणं आणि त्यांची तपासणी

मार्च 2019 मध्ये पूर्व जावाच्या पोलिसांनी एक टोळी पकडली. या टोळीने 41 ओरा परदेशात विकल्याचं आणि एकेकाची किंमत सुमारे 50 कोटी इंडोनेशियन रुपिया असल्याचं सांगण्यात आलं. बंदीच्या प्रस्तावाला या बातमीने मोठं बळ मिळालं. पुढे केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने स्पष्ट केलं की हे प्राणी उद्यानातले नव्हते, फ्लोरेसच्या मुख्य भूमीवरचे होते. फ्लोरेसमध्ये उद्यानाच्या हद्दीबाहेरही ओरा आहेत, तिथे शेतं, वस्त्या आणि वणवे त्यांच्या जागेवर चालून येत आहेत, आणि तिथे गस्त तुटपुंजी आहे. या बातमीवरून काही निष्कर्ष काढायचाच तर तो फ्लोरेसच्या उत्तर किनाऱ्याबद्दल काढायला हवा होता.

दुसरं कारण होतं ओरांची घटती संख्या. उद्यानातल्या गणना मात्र संख्या साधारण स्थिर असल्याचं दाखवत होत्या. पुढे 2021 मध्ये निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूसीएनने, कोमोडो ड्रॅगनला ‘असुरक्षित’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत टाकलं. पण त्यांनी दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे: तापमान आणि समुद्राची पातळी वाढल्याने येत्या 45 वर्षांत त्याचा योग्य अधिवास किमान 30 टक्क्यांनी घटण्याची भीती. त्याच निवेदनात उद्यानातल्या ओरा सुरक्षित असल्याचं आणि फ्लोरेसवरच्या धोक्यात असल्याचं म्हटलं होतं. कांपुंग कोमोडोमुळे ओरा संपत आहेत, असा पुरावा या सगळ्यात नाही.

तरीही प्रांताच्या बाजूने गावकऱ्यांना बेकायदा रहिवासी ठरवण्याची भाषा झाली. जमिनीचे कागद कुठे आहेत, असं विचारलं गेलं. हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत अन्यायकारक भाग वाटतो. उद्यानाची हद्द गावाभोवती आखली गेली तेव्हा गाव तिथे होतंच. कागद नसण्याचं कारण गावाचं नवेपण नाही, सरकारनेच त्या जमिनीला वनक्षेत्र म्हटलं हे आहे. इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाने मे 2013 मध्ये (प्रकरण क्रमांक 35, वर्ष 2012) परंपरागत समुदायांचं वन हे सरकारी वन नाही, असा निर्णय दिला होता. तो निर्णय जमिनीवर उतरवायला स्थानिक शासनाने समुदायाला आधी मान्यता द्यावी लागते. ती मान्यता द्यायची कुणी, तर बऱ्याचदा ज्यांना जमीन हवी आहे त्यांनीच.

गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांची मांडणी साधी होती: आम्ही आणि ओरा एकत्र राहतो, आम्हाला हलवलंत तर तिच्या अर्ध्या कुटुंबालाच हलवता. सप्टेंबर 2019च्या अखेरीस केंद्र सरकारने प्रांताचा प्रस्ताव बाजूला ठेवला. बेट बंद होणार नाही, लोक हलवले जाणार नाहीत, त्याऐवजी प्रवेशशुल्क वाढवून पर्यटकांची संख्या आवरती ठेवू, असं जाहीर झालं. त्याच वेळी वर्षाला 1,000 डॉलरच्या खास सदस्यत्वाची कल्पनाही पुढे आली.

हटवायचं कुणाला, बसवायचं कुणाला

गाव वाचलं, पण प्रश्न सुटला नाही, हे पुढच्या तीन वर्षांत दिसलं. 2020 मध्ये शेजारच्या रिंचा बेटावर लोह बुआया इथे मोठं पर्यटन-बांधकाम सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये एका ट्रकसमोर उभ्या ओराचा फोटो देशभर फिरला आणि लोकांनी प्रकल्पाला ‘जुरासिक पार्क’ म्हणायला सुरुवात केली. युनेस्कोनेही 2021 मध्ये काम थांबवून परिणामांचा आढावा घ्यायला सांगितलं. उद्यानातल्या काही क्षेत्रांवर खासगी कंपन्यांना पर्यटन-सुविधांचे परवाने 2014 पासूनच मिळालेले होते, पादार आणि कोमोडोवर मिळून चारशे हेक्टरांहून अधिक. या आकड्याशेजारी गावाला मिळालेला वस्तीचा तुकडा ठेवून पाहावा.

2022 मध्ये कोमोडो आणि पादारसाठी माणशी 37.5 लाख रुपिया शुल्क आकारायचं ठरलं, व्यवस्थापनात प्रांताच्या मालकीच्या कंपनीला स्थान मिळालं. 1 ऑगस्टपासून लाबुआन बाजोतल्या बोटवाल्यांनी, वाटाड्यांनी, हॉटेलवाल्यांनी संप पुकारला. अनेकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. शुल्कवाढ आधी वर्षअखेरीपर्यंत पुढे ढकलली गेली आणि डिसेंबरमध्ये मागे घेतली गेली.

2019चा स्थलांतर-प्रस्ताव मी या मालिकेतला एक टप्पा म्हणून वाचतो. थोडे, श्रीमंत पर्यटक यावेत हा विचार तिन्ही वेळा समान होता. बेटांवरचा ताण कमी व्हायला हवा, हे मलाही मान्य आहे. क्रूझ जहाजं स्लावी उपसागरात नांगर टाकतात, कचरा किनाऱ्याला लागतो, गोड्या पाण्याची टंचाई आहे, आणि गावाचा स्वतःचा कचरासुद्धा नीट हाताळला जात नाही. पण ताण कमी करायची सुरुवात नेहमी ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यापासून का होते, याचं उत्तर संवर्धनाच्या शास्त्रात मिळत नाही.

आपल्याकडे मेळघाटात व्याघ्रप्रकल्पातून कोरकू गावं हलवली गेली तेव्हाही हेच प्रश्न होते: संमती खरी होती का, नवीन जागी पाणी आणि दवाखाना होता का. भारतात निदान 2006च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीची अट लिहून ठेवली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि गावाने जंगल राखून दाखवलं. कांपुंग कोमोडोजवळ असा कागद नाही.

तसा कागद असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधता येतो. गस्त घालणाऱ्यांत गावकरी आधीपासून आहेत. त्यांचं स्थान पगारी मदतनिसाऐवजी हक्कदाराचं झालं असतं. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा गावाच्या पाण्यासाठी आणि कचऱ्यासाठी मागता आला असता. सुंबावातल्या सापेकडून येणाऱ्या शिकारी बोटी रात्री सर्वांत आधी मासेमाऱ्यांच्याच नजरेस पडतात, त्यांना खबर देण्यात स्वारस्य वाटलं असतं. आणि घरांची दाटी कमी करायला थोडी जागा कुठे द्यायची, हे नकाशा समोर ठेवून गावाशीच बोलून ठरवता आलं असतं.

2025 मध्ये पादारवर शेकडो व्हिला बांधायच्या योजनेवरून पुन्हा विरोध उसळला. हे तेच पादार, जिथून शिकारीमुळे ओरा गेल्या होत्या. कांपुंग कोमोडो मात्र अजूनही उद्यानाच्या नकाशावरचा तोच वस्तीचा तुकडा आहे. तिथे जन्मलेल्या मुलांना लग्नानंतर घर बांधायला जागा हवी असेल, तर उद्यानाची हद्द आखणाऱ्या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागते.